भिंतीपलीकडची माणसं

आषाढातली गोष्ट. संध्याकाळी साडेसातला आईचा फोन आला. नेहमीचं "जेवलंस काय गो" न विचारता ती एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "भिंतीपलीकडे माणसा इलीहत."

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर. आजोबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा माजघराच्या मधोमध मातीची भिंत घातली गेली. अलीकडे आम्ही, पलीकडे चुलत घर. पलीकडची मंडळी मुंबईला असतात. गणपतीला आणि मे महिन्यात यायची तेवढीच, आणि करोनानंतर तेही थांबलं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. मी डोंबिवलीत, दादा पुण्यात. ७४ वर्षांची आई त्या घरात एकटी.

आईचं म्हणणं असं, की पलीकडची माणसं रात्री गुपचूप येऊन राहतात, दिवा लावत नाहीत, आणि भिंतीला कान लावून बसतात. "म्हातारी कधी जातली, ह्याच बोलतत."

आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. यात आमचं काय चुकलं हे मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे. गडग्याच्या चार फुटांवरून त्या घराशी आमचं खरोखरच वाकडं होतं. सातबाऱ्यावर अजून नऊ नावं आहेत, सामायिक कलमांचे आंबे कोणी काढायचे यावरून दर वर्षी शब्दाला शब्द लागतो. कोकणात ज्याच्या घरी हे नाही असा माणूस विरळा. त्यामुळे आई जे सांगत होती ते घडण्यासारखंच होतं. दादाने त्याच रात्री चुलतभावाला फोन लावला आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तो शपथेवर सांगत होता, की दीड वर्षात आमच्यापैकी कोणी गावात पाय ठेवलेला नाही. आम्हाला ते खोटं वाटलं.

मग फोन वाढत गेले. रात्री पाटा-वरवंट्याचा आवाज येतो. भिंतीच्या फटीतून फवारणीच्या औषधाचा वास सोडतात. माळ्यावर कोणीतरी चालतं. विहिरीत काहीतरी टाकलं. एक मात्र सांगते, या सगळ्या काळात तिचं बाकीचं बोलणं अगदी चोख होतं. विजेचं बिल कधी भरायचं, संकष्टी कोणत्या वारी आहे, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, सुरमई या आठवड्यात काय भावाने गेली, सगळं तिला पाठ. वेड लागलेलं माणूस असं असतं का, असं आम्हीच एकमेकांना विचारायचो आणि पुन्हा चुलतभावावर चिडायचो.

चतुर्थीला दोन दिवस आधी मी घरी पोचले आणि आईला बघून जीव चरकला. पोलकं अंगावर लोंबत होतं. पहिल्या संध्याकाळी मी भात-आमटी केली, तिने ताटाला हात लावला नाही. उठली, कोपऱ्यातला नारळ घेतला, स्वतः फोडला, खोबरं काढून खाल्लं. मग दोन अंडी उकडली, कवच स्वतः सोललं आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. सकाळी केळं. विहिरीचं पाणी पीत नव्हती. पागोळ्यांखाली कळशी लावून पावसाचं पाणी भरायची, आणि कळशीवर तिची नजर असायची. नारळ, अंडं, केळं. आतून बंद असलेलं, ज्यात बाहेरच्या कोणाला काही घालता येणार नाही, तेवढंच ती खात होती, हे माझ्या डोक्यात यायला दोन दिवस लागले. किती महिने ती अशी जगत होती कोण जाणे.

भिंतीजवळ गेले तर फटींत कापडाचे बोळे. तिच्याच जुन्या लुगड्याचे, भाताच्या पेजेत बुडवून घट्ट कोंबलेले, वरून शेणाने लिंपलेले. माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत मी मोजले, एकतीस निघाले. काही वाळून दगडासारखे झाले होते, तीन-चार अजून ओले होते.

चुलतभावाने कुरिअरने किल्ली पाठवली. भांडण होऊनही पाठवली, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. दादाने, मी आणि आईने मिळून पलीकडचं दार उघडलं. आत वटवाघळांची घाण, कोळिष्टकं, जमिनीवर बोटभर धूळ आणि त्या धुळीत एकही पाऊल नाही. दादा म्हणाला, "बघ आये, कोण नाय." आईने सगळीकडे नीट बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "गेली ती. तुमी येतलास ह्या तेंका आदीच कळला."

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की हे भाऊबंदकीचं प्रकरण नाही.

त्यानंतर आम्ही देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. वाडीतल्या दोघा-तिघांनी करणीचं नाव काढलं, कोणी बायंगी भुताचं. गाऱ्हाण्याने आईला दोन रात्री बरी झोप लागली, आणि ते घातल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्यात आणखी तीन आठवडे गेले, आणि तेवढ्यात तिचं वजन आणखी उतरलं. शेजारच्या काकी माझ्या भल्यासाठीच म्हणाल्या, "तेंका रत्नागिरीक दाखवा." आमच्याकडे रत्नागिरी म्हटलं की १८८६ सालापासून तिथे असलेलं मनोरुग्णालयच डोळ्यांपुढे येतं. काकींचं ते वाक्य आईने ऐकलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मी त्या रात्री झोपले नाही.

मध्येच एक वेगळीच गोष्ट घडली आणि तिचा पुढे फार उपयोग झाला. आईला सर्दी आणि अंगाला खाज झाली म्हणून जवळच्या एका दवाखान्यातून गोळ्या आणल्या. तिसऱ्या रात्री दोन वाजता आई उठून बसली आणि हवेतून काहीतरी वेचू लागली. मला ओळखेना. आपण माहेरी आहोत असं समजून तिच्या गेलेल्या भावाला हाका मारत होती. पाच मिनिटं शुद्धीवर, दहा मिनिटं झापडीत. मी १४४१६ ला फोन केला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मराठीत बोलतात आणि पैसे पडत नाहीत. फोनवरच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले, "हे किती तासांत सुरू झालं?" आणि "लघवी होते का?" मग म्हणाल्या, एका रात्रीत असा गोंधळ झाला तर आधी शरीराचा आजार शोधायचा, मनाचा नंतर, उजाडताच इस्पितळात न्या.

लघवीत जंतुसंसर्ग निघाला, लघवी तुंबलीही होती. सर्दी-खाजेच्या काही जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा मेंदू गोंधळतो आणि लघवीही अडते, हे तिथल्या फिजिशियननी सांगितलं. गोळ्या बंद झाल्या, अँटिबायोटिक आणि सलाइन चालू झालं, पाचव्या दिवशी आई पूर्ण भानावर आली. मला ओळखलं, तारीख बरोबर सांगितली. आणि मग विचारलं, "घराक कुलूप लावलंस मा? ती माणसा आत शिरतली." गोंधळ गेला आणि भिंतीपलीकडची माणसं राहिली. डिलिरियम, म्हणजे शरीराच्या आजाराने एकाएकी उडणारा गोंधळ, वेगळं आणि हे वेगळं, हे माझ्या डोळ्यांसमोर अलग झालं. त्याच फिजिशियननी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

तिथे न्यायचं कसं? आईला आपण आजारी आहोत हे मान्यच नव्हतं. "माका येड लागूक नाय." दादाचं म्हणणं, डोळे तपासायला नेतो म्हणून सांगू. मी नको म्हटलं. सगळी जण आपल्याला फसवतायत अशी जिची खात्री झाली आहे, तिला आपणही फसवायचं? मी तिला खरं तेच सांगितलं, पण तिला पटेल तेवढं: तुला झोप नाही, वजन बारा किलोने उतरलंय, ऐकायला कमी येतंय, यासाठी जाऊया. त्याला ती तयार झाली.

डॉक्टरांनी पहिली चाळीस मिनिटं आईशीच बोलण्यात घालवली. मी शेजारी बसून होते. तिने सगळं सांगितलं, आवाज, वास, माळा, विहीर. त्यांनी एकदाही "असं काही नसतं" म्हटलं नाही आणि एकदाही मानही डोलवली नाही. "रात्री जास्त होतं का? मग तुम्ही काय करता? भीती वाटते की राग येतो?" आई पुढे सरकून बसली. इतक्या महिन्यांत कोणी तिला हे विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग मला विचारलं. हळूहळू सुरू झालं की अचानक? दिवसभरात कमी-जास्त होतं का? वस्तू ठेवून विसरते का, चोरी झाली म्हणते का? खोलीत लहान मुलं, प्राणी दिसतात का? झोपेत हातपाय झाडते का? चाल मंदावली का, हात थरथरतो का? जगण्यात अर्थ नाही, आपण पापी आहोत, पैसे संपले असं बोलते का? घरात असलेली प्रत्येक गोळी, काढ्यासकट, पिशवीत घालून आणायला त्यांनी आधीच सांगितलं होतं.

हे प्रश्न का, ते नंतर समजावलं. म्हातारपणी पहिल्यांदाच संशय आणि भास सुरू झाले तर वाटा पुष्कळ असतात. अल्झायमरमध्ये बहुतेकदा विसरभोळेपणातून चोरीचा संशय येतो, पैसे स्वतःच कुठे ठेवले ते आठवत नाही म्हणून मोलकरणीवर आळ जातो. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात माणसं, मुलं, जनावरं स्पष्ट दिसतात, आणि त्या रुग्णाला नेहमीची भासांवरची औषधं दिली तर शरीर लाकडासारखं ताठरू शकतं, जिवावरही बेतू शकतं. मोतीबिंदूने किंवा पडद्याच्या आजाराने नजर अधू झालेल्यांना नुसती चित्रं दिसतात आणि ती खरी नाहीत हे त्यांना बहुधा कळत असतं. खोल नैराश्यातही भ्रम होतात. थायरॉईड, सोडियम, बी-१२, पार्किन्सनची औषधं, स्टेरॉइड, यातलं काहीही मुळाशी असू शकतं. पुण्याहून दादा फोनवर म्हणत होता, त्याच्या ओळखीच्याने नाव सांगितलंय, तीच गोळी दुकानातून आणून सुरू करूया. ते आम्ही केलं नाही याचं मला आजही हायसं वाटतं.

आईला घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. नीट काढलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, पाच मिनिटांनी तिन्ही सांगितले. रक्त, लघवी, ईसीजी झाला, एमआरआयला गोव्यात जाऊन आलो. वयापलीकडचं काही निघालं नाही. निघालं ते कानात. दोन्ही कानांत मळ, आणि मळ काढल्यावर केलेल्या ऑडिओमेट्रीत दोन्हीकडे चांगलाच बहिरेपणा. आम्ही फोनवर ओरडून बोलायला लागलो होतो त्याला दोन वर्षं झाली होती, आणि आम्ही त्याला "वय झालं" म्हणत होतो.

डॉक्टरांनी तेव्हा भिंतीचा विषय काढला. म्हणाले, या आजारात हे इतकं नेमकं दिसतं की त्याला नावच आहे, पार्टिशन डिल्युजन. भिंतीतून, छतातून, जमिनीखालून माणसं, आवाज, वायू आत येतात अशी पक्की समजूत. तरुणपणीच्या स्किझोफ्रेनियात ती क्वचित, साठीनंतरच्यात खूप. ६० नंतर पहिल्यांदा सुरू होणाऱ्या या आजाराला २००० साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने दिलेलं नाव लांबलचक आहे, व्हेरी-लेट-ऑनसेट स्किझोफ्रेनिया-लाइक सायकोसिस. त्याआधी लेट पॅराफ्रेनिया म्हणायचे, तो शब्द १९५५ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन रॉथ यांच्या लेखनातून रूढ झाला. बायकांत जास्त, एकट्या राहणाऱ्यांत जास्त, कमी ऐकू येणाऱ्यांत जास्त. बोलणं सुसंगत राहतं, माया आटत नाही, घर-संसार चालवता येतो. म्हणूनच घरच्यांना लवकर ओळखू येत नाही. हे ऐकताना मला चोख हिशेब सांगणारी आई आठवत होती.

माळ्यावर आवाज खरंच होता, हेही नंतर कळलं. कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, जोडी होती. अर्धवट ऐकू येणारा आवाज मेंदू आपल्या परीने पुरा करतो, आणि एकट्या, घाबरलेल्या माणसाचा मेंदू तो भीतीनेच पुरा करणार.

भ्रम-भासांवरचं औषध दिलं अमिसल्प्राइड, ५० मिलिग्रॅमपासून. तरुण रुग्णाच्या मानाने अगदी थोडं. २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी याच आजारावर रोज १०० मिलिग्रॅमची चाचणी प्रसिद्ध केली होती, त्यात औषधाच्या गोळीने, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्ट फरक पडला होता. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं म्हणून क्रिएटिनिन बघायचं, हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिलेली आहे, त्यामुळे निदान आधी आणि गोळी मागून, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

आता खरी अडचण. विषाच्या भीतीने अन्न सोडलेल्या बाईला गोळी कशी द्यायची?

डॉक्टरांनी बजावलं होतं, लपवून देऊ नका. तरी दादाने दिली. तो दोन दिवसांसाठी आला होता, आईची अवस्था त्याला बघवेना. गोळी चुरडून सोलकढीत घातली. आईने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिली. "ह्याच्यात काय घातलंस रे झिला?" दादा रडायला लागला. चार दिवस तिने आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिच्या दृष्टीने आता पुरावा मिळाला होता, आणि तो आम्हीच दिला होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी तिला अंडं सोलताना बघत बसले होते. आधी कवचाला कुठे भोक नाही ना ते फिरवून बघायची, मग टोक आपटायची. बघता बघता मला सुचलं. मी न फोडलेली गोळ्यांची पट्टी आणि औषधाच्या दुकानाचं बिल तिच्यापुढे ठेवलं, आणि दादाने काय केलं होतं ते सरळ सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, "आये, ही बंद आसा. तूच बघ, तूच फोड. नको वाटला तर नको." तिने पट्टी उजेडात धरली. मागचा चंदेरी कागद बोटाने सगळीकडून चाचपला. एक-एक गोळी मोजली, दहा होत्या. दोन दिवस पट्टी तिच्या उशाखाली होती. तिसऱ्या रात्री तिने स्वतः एक गोळी काढली आणि पागोळीच्या पाण्याबरोबर घेतली. "झोपेसाठी घेतंय," म्हणाली. मी हो म्हटलं. झोपेसाठीही ती होतीच.

पट्टी आजही तिच्याच ताब्यात असते. मी फक्त उरलेल्या गोळ्या मोजते, तिला दिसेल अशा.

मी बिनपगारी रजा वाढवून चार महिने घरी राहिले. या काळात आमच्या तोंडी एक वाक्य बसलं. ती म्हणाली "ऐक, बोलतत," की आम्ही म्हणायचो, "माका ऐकाक येना नाय गो, पण तुका भीती वाटता ता माका दिसता." मग दिवा लावायचा, तिच्याजवळ बसायचं, चहा करायचा. वाद घातला की ती रात्रभर जागायची. हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी नवे बोळे.

दिवाळीपर्यंत झोप आली. कार्तिकात तिने पहिल्यांदा माझ्या हातचा भात खाल्ला, भांड्यातून आधी मी घेतल्यावर. मात्रा १०० केली तेव्हा पाय ओढत चालायला लागली, न्हाणीकडे जाताना तोल गेला. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवलं आणि पुन्हा ५० वर आलो. घरात म्हातारं माणूस ही औषधं घेत असेल तर चाल, हाताचा कंप आणि बसल्यावरून उठताना येणारी चक्कर या तीन गोष्टींवर डोळा ठेवा. पडून खुब्याचं हाड मोडलं की सगळं पहिल्यापासून.

कानाचं यंत्र पहिले पंधरा दिवस तिने भिरकावून दिलं होतं. सगळंच कर्कश वाटायचं. रोज अर्धा तास, मग तास, असं वाढवत नेलं. एका संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "बेडूक वरडतत गो." किती दिवसांनी ऐकत होती.

आता रोज सकाळी दोन तास वाडीतली एक बाई सोबतीला येते, रात्री काकींची नात अभ्यास घेऊन येते आणि आमच्याकडेच झोपते. दादा आणि मी दर महिन्याला आळीपाळीने जातो. चुलतभावाची आम्ही दोघांनी समोर बसून माफी मागितली. यंदा शिमग्याला त्याची माणसं आली, पलीकडचं घर झाडून घेतलं, खिडक्या उघडल्या. ती येणार हे आईला मी आठ दिवस आधीपासून रोज सांगत होते.

मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, "आये, ती माणसा?" तांदूळ निवडत होती. यंत्राला हात लावून थोडा वेळ ऐकलं. "हत ती अजून. पण आता हळू बोलतत." आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

एकतीस बोळ्यांतले अठ्ठावीस तिनेच काढले, पावसाआधी भिंत लिंपायची म्हणून. तिच्या खाटेच्या उशाकडचे तीन अजून तसेच आहेत. गवंडी लिंपायला आला तेव्हा मी त्याला तेवढा भाग सोडायला सांगितलं.